लाखेसरांची डावी चप्पल

जबलपुरात गाडी चालवणाऱ्या माणसाच्या डाव्या पायात चप्पल नसेल, ती काढून बाजूच्या रबरी चटईवर ठेवलेली असेल, तर तो लाखेसरांकडे शिकला आहे असं धरून चालायला हरकत नाही. ही खूण मी पडताळून पाहिली आहे. एकदा नेपियर टाउनमधल्या एका दंतवैद्याजवळ, एकदा सराफ्यातल्या एका सोनाराच्या सुनेजवळ, आणि एकदा चौकात जीप घेऊन उभ्या असलेल्या एका हवालदाराजवळ. तिघांनीही आधी स्वतःच्या पायाकडे पाहिलं आणि मग जरा ओशाळून सांगितलं की हो, लाखेसरांकडेच.

शरद लाखे आमच्या समोरच्या घरात राहत. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक छोटी पांढरी गाडी, तिच्या टपावर लाल अक्षरांची पाटी, इरफानभाई नावाचे एक प्रौढ, अबोल सहायक आणि स्वतः सर. गाडीला डबल कंट्रोल होता. शिकणाऱ्याच्या पायाशी असतात तसे क्लच आणि ब्रेक डाव्या सीटवर बसणाऱ्या मास्तरांच्या पायाशीही होते. शिकणारा चुकला की मास्तर तिकडून दाबत. या दोन पेडलांमुळे शहरातल्या असंख्य भिंती, गाई आणि चाटचे ठेले वाचले, असा सरांचा दावा होता. न घडलेल्या अपघातांची बातमी होत नाही, त्यामुळे तो दावा खोडूनही काढता येत नसे.

त्यांचं सगळं शास्त्र क्लचमध्ये, म्हणजे दाबलं की इंजिन चाकांपासून सुटं करणाऱ्या त्या डाव्या पेडलात, होतं. ब्रेक, गियर, स्टिअरिंग या गोष्टी माणूस रस्त्यावर आपोआप शिकतो, असं ते म्हणत. क्लच मात्र शिकवावा लागतो, कारण तिथे दाबायचं महत्त्व नाही, सोडायचं आहे. "दबाना तो भैंस को भी आता है," ते प्रत्येक नव्या शिष्याला पहिल्याच दिवशी सांगत. "छोड़ना सीखो." त्यासाठी डावी चप्पल काढायला लावत. क्लच कुठे पकडतो ते तळव्याला कळतं, चपलेला कळत नाही. ज्याने पाय झटक्यात उचलला त्याची गाडी उडी मारून बंद पडे. त्या शिष्याला सर मेंढक म्हणत. कॉलेजच्या प्राचार्यांनाही म्हणत. मलाही म्हटलं आहे.

शेवटच्या दिवशी परीक्षा असे. ग्वारीघाटच्या रस्त्यावर गाडी उभी करायला लावत, आपली सीट मागे पाडत, हात पोटावर घेत आणि डोळे मिटत. "गाड़ी कब चली, मुझे पता नहीं लगना चाहिए." शिष्य श्वास रोखून क्लच सोडी. गाडी सरकली की सर डोळे न उघडता म्हणत, "पता लगा." या परीक्षेत कोणी पास झाल्याचं ऐकिवात नाही. आरटीओची परीक्षा सोपी होती म्हणून शहरात लायसन्सवाले लोक दिसतात, एवढंच.

सर स्वतः घरातसुद्धा डाव्या पायात चप्पल घालत नसत. वर्षानुवर्षांच्या सवयीने ती दाराशीच राही, आणि ते एका पायात चप्पल घालून अंगणात, गच्चीवर, कधी कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत जाऊन येत. त्यांच्या पत्नी मंदाकाकू म्हणत की या माणसाच्या डाव्या चपला नव्याच्या नव्या राहतात आणि उजव्या झिजतात, तेव्हा दुकानदाराने यांना फक्त उजवीच विकावी.

अर्ध्या जबलपूरला गाडी शिकवणाऱ्या या माणसाने बायकोला शिकवली नव्हती. लग्नानंतर काही वर्षांनी एक प्रयत्न झाला होता. काकूंच्या सांगण्याप्रमाणे त्या घरापासून ओमतीच्या चौकापर्यंत गेल्या, आणि या अंतरात सरांनी इतके ब्रेक मारले की ओमतीला त्यांनी गाडी रस्त्यातच सोडली, उतरल्या आणि ऑटो करून घरी आल्या. सरांच्या सांगण्याप्रमाणे ब्रेक तेवढेच मारले जेवढे आवश्यक होते. डॉक्टर स्वतःच्या घरच्यांचं ऑपरेशन करत नाही, असा सिद्धांत त्यांनी त्यानंतर मांडला. काकू पुढे कित्येक वर्षं ऑटोने फिरल्या. "सगळ्या गावच्या बायका यांच्या जिवावर गाड्या चालवून राहिल्या," त्या भाजीच्या पिशव्या उतरवताना म्हणत, "अन् मी ऑटोवाल्याला भैया, भैया करून राहिले."

सरांना लकवा झाला त्या दिवशी याच चपलेने घात केला.

सकाळी चहाच्या वेळी त्यांच्या डाव्या पायात जोर नव्हता. चप्पल घातली असती तर ती मागे राहिली असती, पाय फरफटला असता, कोणाच्या तरी लक्षात आलं असतं. पण चप्पल नव्हतीच. अनवाणी डावा पाय फरशीवर जरा घासत चालला होता, आणि त्या घरात अनवाणी डाव्या पायाकडे कोणी पाहत नसे. काकूंनी त्यांना पेपर नेऊन दिला. सर पेपर वाचत बसले. उठून न्हाणीकडे निघाले तेव्हा उंबऱ्यापाशी पाय उचलला गेला नाही आणि ते आडवे झाले. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला की हे नेमकं केव्हा सुरू झालं, कारण पुढचा उपचार त्यावर ठरतो. काकूंना सांगता आलं नाही. सरांनाही नाही. हा प्रश्न काकूंनी नंतर मला दोन-तीनदा सांगितला, प्रत्येक वेळी दुसऱ्याच एखाद्या गोष्टीच्या मध्ये.

जीव वाचला. वाचा शाबूत राहिली, याबद्दल इरफानभाई सोडून सगळ्यांना आनंद झाला. हाताला थोडा कमकुवतपणा होता, तो काही आठवड्यांत बराचसा गेला. गेला नाही तो डावा पाय. सुरुवातीला तो लुळा होता आणि सगळे तो घट्ट कधी होईल याची वाट पाहत होते. मग तो घट्ट झाला आणि सैल होईना.

घरी आणण्याच्या दिवशी जे घडलं ते ओमती भागातल्या काही दुकानदारांना अजून आठवतं. सरांना न्यायला घरचीच गाडी आली. इरफानभाई चालवत होते, काकू मागे, आणि सर त्यांच्या नेहमीच्या जागी, डाव्या सीटवर. दुसरीकडे कुठे त्यांना बसवावं असं कोणाच्या मनातही आलं नाही. चौकापर्यंत गाडी नीट आली. तिथे एक ई-रिक्षा आडवी आली, मोठा हॉर्न वाजला, आणि त्यानंतर गाडी पुढे जाईना. इरफानभाई ॲक्सिलरेटर दाबत, इंजिन किंचाळे, चाकं जागची हलत नसत. मागे रांग लागली. डाव्या सीटवरून सर इरफानभाईंना सांगत होते की क्लच प्लेट जाळलीस, मी जरा नव्हतो तर तू प्लेट जाळलीस. वाहतुकीचा शिपाई आला आणि म्हणाला, "काए भैया, यहीं खोलोगे इस्कूल?" शेवटी दोन दुकानदार, एक फळवाला आणि तो शिपाई यांनी गाडी ढकलत जवळच्या मेकॅनिककडे नेली. सर आत बसून ढकलणाऱ्यांना सूचना देत होते.

मेकॅनिकने सरांना आधार देऊन बाहेर खुर्चीवर बसवलं आणि गाडी सुरू केली. ती मुकाट्याने चालू लागली. एक चक्कर मारून त्याने ती आणून उभी केली. सरांना पुन्हा आत बसवलं, कोणीतरी दार जोरात लावलं, आणि इंजिन पुन्हा किंचाळलं. तेव्हा इरफानभाईंनी वाकून खाली पाहिलं. सरांचा डावा पाय गुडघ्यात सरळ ताठ झाला होता, पाऊल खाली ताणलं गेलं होतं, आणि त्या पावलाखाली मास्तरांचा क्लच तळापर्यंत दाबलेला होता.

"सर," इरफानभाई म्हणाले, "छोड़िए."

सरांनी पायाकडे पाहिलं. पाय सुटला नाही.

डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं ते असं. स्नायू आवळायला मेंदूचा हुकूम लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. स्नायू सैल सोडायलाही मेंदूचंच नियंत्रण लागतं, हे माहीत नसतं. वरून येणारा तो लगाम तुटला की खालचे मज्जारज्जूचे दुवे आपल्या मर्जीने स्नायू आवळून धरतात. पायाच्या बाबतीत बहुतेक वेळा गुडघा सरळ करणारे आणि पाऊल खाली दाबणारे स्नायू जिंकतात. पाऊल वर उचलणारे दुबळे पडतात. दचकलं, घाई केली, थंडी वाजली, जोर लावला की आवळ वाढते. झटक्याने ओढलं तर पाय आणखी ताठ होतो. हळूहळू ताण दिला तर सुटतो. सर हे सगळं लक्ष देऊन ऐकत होते. डॉक्टरांचं बोलणं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की म्हणजे दाबता येतं, सोडता येत नाही, असंच ना. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात असंच. सर त्या दिवशी पुढे काही बोलले नाहीत, आणि ही गोष्ट इतकी विलक्षण होती की काकूंनी रश्मीला पुण्याला फोन करून कळवली. रश्मी त्यांची मुलगी.

गल्लीने आपले उपाय सांगितले. एकाने जंगली कबुतराचं तेल सुचवलं. दुसऱ्याने एक मालिशवाला पाठवला, ज्याने पाय असा खसकन ओढला की तो दिवसभर काठीसारखा राहिला. गोळ्या होत्या, त्यांनी पाय सैल पडे, पण सरही सैल पडत आणि भर जेवणात पेंगत. डॉक्टरांनी मात्रा कमी करून गोळी फक्त रात्रीची ठेवली. सगळी ताठरता घालवूही नका, असंही बजावलं. तो पाय आत दुबळा आहे, ते उभे राहतात ते त्याच ताठरपणावर. सर टाच न टेकवता, पाय बाहेरून अर्धगोल फिरवत चालायला लागले. पाऊल लोंबू नये म्हणून पोटरीमागून तळव्याखाली जाणारी प्लास्टिकची पट्टी मिळाली. ती बुटातच बसे. ज्या पायाने वर्षानुवर्षं चप्पल मानली नाही त्याला आता सकाळी उठल्यापासून बूट घालावा लागे.

व्यायामासाठी नेपियर टाउनमधल्या एका दवाखान्यात जावं लागे. तिथल्या फिजिओथेरपिस्ट दुबे मॅडम तरुण होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी सरांना पलंगावर बसवलं, समोर स्टूल घेतलं आणि म्हणाल्या, "सर, लेफ्ट चप्पल उतारिए." सरांनी चमकून पाहिलं. त्यांची शिष्या होती. कॉलेजात असताना शिकलेली, आणि पहिले कितीतरी दिवस मेंढक राहिलेली.

पुढचे काही महिने तिने सगळ्याची परतफेड केली. सरांची पद्धत अशी होती की पायाला हुकूम द्यायचा. ते मराठीतून द्यायचे, मग हिंदीतून, मग दात आवळून. सोड. छोड़. सोड म्हणतो ना. हुकूम जितका मोठा, पाय तितका ताठ. पावलाचा पुढचा भाग पलंगाच्या कडेला लागला तर ते ठक ठक ठक असं थरथरत राही, शिवणयंत्रासारखं, आणि सर त्याच्याकडे वर्गात गोंधळ घालणाऱ्या पोरासारखं पाहत. दुबे मॅडम थांबायच्या. मग गुडघ्याखाली एक हात, टाचेखाली एक हात, आणि मुंगीच्या वेगाने पाऊल वर. "धीरे, सर. पकड़ का पॉइंट आने दीजिए. चिल्लाने से गाड़ी सुनती है क्या?" हे वाक्य सरांचंच होतं. स्वतःची वाक्यं परत ऐकण्याची शिक्षा फार थोड्या शिक्षकांना होते.

या सगळ्या काळात सरांच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती त्यांनी लपवली नाही. त्यांना उजव्या सीटवर बसून गाडी चालवायची होती. बाकी सगळं, जिना, न्हाणी, पानठेला, त्यांना दुय्यम वाटे. रश्मीने पुण्याहून सुचवलं की ऑटोमॅटिक गाडी घ्या, तिला क्लचच नसतो, डाव्या पायाची गरजच नाही, डॉक्टरांना विचारून बघू. सरांनी फोन काकूंकडे दिला. "तिला सांग," ते म्हणाले, "ती गाडी नसते. ती लिफ्ट असते."

एका दुपारी समोर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ तसाच येत राहिला. गाडी निघत नव्हती, बंदही होत नव्हती. मी फाटकाशी गेलो. इरफानभाई जेवायला गेले होते. सर उजव्या सीटवर एकटे बसले होते. बूट आणि पट्टी काढून बाजूला ठेवली होती. अनवाणी डावा पाय क्लचवर होता, पेडल तळापर्यंत गेलेलं, आणि सर दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा वर ओढत होते. जितकं ओढत तितकं पाऊल खाली रुतत होतं. मधेच ते थरथरायला लागे आणि पेडलासकट गाडीचं टिनपाट वाजे. त्यांनी मला पाहिलं आणि काच वर केली.

काकू ओले हात पदराला पुसत बाहेर आल्या. त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी दार उघडलं, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, सरांचे हात गुडघ्यावरून बाजूला केले आणि खाली उकिडव्या बसल्या. दवाखान्यात रोज सोबत बसून त्यांनी सगळं पाहिलेलं होतं. एक हात गुडघ्याखाली, एक टाचेशी. थोड्या वेळाने गुडघा वाकला, पाऊल पेडलवरून निघालं.

"आता उतरा," त्या म्हणाल्या, "अन् तिकडं बसा. मला शिकवा."

सरांनी विचारलं की या वयात कशाला.

"दवाखान्यात न्यायला रोज इरफानभाई कुठून येतील? शिष्यांना काहून ताटकळत ठेवायचं?" मग सरांचा पाय बुटात घालता घालता म्हणाल्या, "अन् वयाचं म्हणाल तर माझे दोन्ही पाय ऐकून राहिले."

काकूंचं शिकाऊ लायसन्स आलं. पहिल्या दिवशी गल्लीतले लोक निमित्त काढून बाहेर उभे होते. काकूंनी डावी चप्पल काढून चटईवर ठेवली. सर त्यांच्या जागी बसले. या वेळी सगळ्या सूचना शांत आवाजात द्यायच्या, असं दुबे मॅडमनी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं, आणि ते शब्दाला जागले. अडचण पायाची झाली. समोरून सायकल आली तर सर म्हणत, "छान, जाऊ दे, छान," आणि त्याच क्षणी त्यांचा डावा पाय ताठ होऊन क्लच दाबे. इंजिन किंचाळे. गाय दिसली की किंचाळे. काकूंनी वळणावर स्टिअरिंग जरा उशिरा फिरवलं की किंचाळे. उजवा पाय शहाणा होता, ब्रेक पाहिजे तिथेच मारी. डाव्याने मात्र सरांचं सगळं अंतरंग चव्हाट्यावर मांडलं. आम्हाला घरात बसून इंजिनाच्या आवाजावरून कळे की सर आत्ता घाबरले, आत्ता फार घाबरले, आता वळण आलं.

इरफानभाईंनी उपाय सुचवला. मास्तरांच्या बाजूच्या क्लचची तार काढून टाकायची. एका पान्याचं काम. मग पायाने काय वाटेल ते करावं. सरांनी साफ नकार दिला. "पेडल काढलं तर मी कोण?" ते म्हणाले. "सवारी?"

मला वाटलं काकू इरफानभाईंची बाजू घेतील. त्यांनी घेतली नाही. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "तोंडानं तर ते छानच म्हणून राहिले. खरं काय ते मला पायाकडूनच कळते."

असे काही आठवडे गेले. काकू इंजिन किंचाळलं की शांतपणे ॲक्सिलरेटरवरून पाय काढत, गाडी सरकत असे ती सरकू देत, आणि सरांचा पाय सुटण्याची वाट पाहत. त्या काळात त्यांनी नवऱ्याला एकदाही "सोडा" म्हटल्याचं इरफानभाईंनी ऐकलं नाही. ते रोज मागच्या सीटवर असत.

मग मदनमहालचा चढ आला. चढावर गाडी थांबवून पुन्हा सुरू करणं हा सरांच्या अभ्यासक्रमातला सर्वांत अवघड धडा. पुढचं मला इरफानभाईंनी सांगितलं, आणि ते वाढवून सांगणारे नाहीत. चढाच्या मध्यावर काकूंनी गाडी उभी केली. मागे एक सिटीबस येऊन टेकली, अगदी जवळ. काकूंनी गियर टाकला, क्लच सोडायला सुरुवात केली, आणि बसने हॉर्न दिला. सरांचा पाय ताठ झाला. आता काकूंनी आपला क्लच कितीही सोडला तरी उपयोग नव्हता. दुसऱ्या बाजूने तो दाबलेलाच होता. इंजिन ओरडलं आणि गाडी मागे, बसच्या दिशेने, घसरली. सरांच्या उजव्या पायाने ब्रेक मारला, काकूंनी हँडब्रेक ओढला. गाडी थांबली. मागून हॉर्न सुरूच. बसचा कंडक्टर उतरून आला आणि खिडकीशी वाकून म्हणाला, "अम्मा, हटाओ. नहीं आती तो काहे चलातीं?"

सर त्या माणसाकडून काकूंकडे वळले. ते काकूंना म्हणाले, "मंदा, उतर तू. इरफानला बसू दे." आवाज शांत नव्हता.

काकू उतरल्या नाहीत. ओमतीला एकदा उतरल्या होत्या. इरफानभाईंना ती गोष्ट ठाऊक होती आणि ते दाराच्या खटक्याकडे बघत होते. काकूंनी कंडक्टरला सांगितलं, "भैया, दो मिनट. हमारे साहब का पाँव अटका है." मग डावा हात गियरवरून उचलून सरांच्या गुडघ्यावर ठेवला. दाबला नाही, ओढला नाही, नुसता ठेवला, आणि समोर काचेतून चढाकडे बघत बसल्या. हॉर्न वाजत होता. इरफानभाई म्हणतात की त्यांना वाटलं आता भांडण होणार. पण काकू अशा बसल्या होत्या जशा दवाखान्याच्या बाकावर बसत, नंबर येईल तेव्हा येईल. सरही हळूहळू मागे टेकले. त्यांनी मोठा श्वास सोडला. काही वेळाने पेडल वर येताना तारेचा बारीक आवाज झाला.

काकूंनी हात परत गियरवर नेला. एक डावा पाय सुटला होता, दुसरा त्यांनी सोडला. हँडब्रेक खाली. गाडी एक इंचही मागे न जाता चढ चढली.

वर गेल्यावर सर म्हणाले, "पता लगा."

"लागू द्या," काकू म्हणाल्या.

काकूंना पक्कं लायसन्स मिळालं. सर त्यानंतर उजव्या सीटवर बसले नाहीत आणि त्याविषयी बोललेही नाहीत. नवे शिष्य इरफानभाईंकडे, नव्याने घेतलेल्या दुसऱ्या गाडीवर, जाऊ लागले. पांढऱ्या गाडीवरची पाटी मात्र सरांनी काढू दिली नाही. त्यामुळे मंदाकाकू भाजी आणायला निघाल्या तरी लोक त्यांना शिकाऊ समजून लांबून जात, ही सोय काकूंना आवडत असे. सर डाव्या सीटवर असत. इंजिन अधूनमधून किंचाळे, पण कमी. सराफ्याच्या तोंडाशी किंचाळायचंच. तिथे कोणाचंही किंचाळेल.

पुढच्या हिवाळ्यात दोघं पुण्याला रश्मीकडे राहायला गेले. जाण्याच्या आदल्या आठवड्यात मी ओमतीच्या सिग्नलला स्कूटरवर उभा होतो. शेजारी पांढरी गाडी येऊन थांबली, डावी बाजू माझ्याकडे. काच खाली होती. सरांची सीट मागे पाडलेली, हात पोटावर, डोळे मिटलेले. मी हाक मारणार तेवढ्यात पलीकडून काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. सर झोपले होते. गोळी रात्रीची असे. ही झोप त्यांची स्वतःची होती.

मी खाली पाहिलं. बूट आणि पट्टी चटईवर होती. अनवाणी डावा पाय पेडलाच्या बाजूला पडला होता, गुडघा वाकून दाराशी कललेला, पाऊल सैल, एरवी आत वळलेली बोटं एकेक करून उघडी. मागच्या ऑटोने हॉर्न दिला. बोटं हलली नाहीत.

दिवा हिरवा झाला. काकूंच्या पायात डावी चप्पल नव्हती. त्यांनी समोर बघत पाय उचलायला सुरुवात केली आणि गाडी सुटली. सरांची मान होती तशीच राहिली.

त्यांना पत्ता लागला नाही.